विटांवरच्या खाटा

नोंदणी विभाग, दवाखाना
९ जानेवारी

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. माझा खोकला गेला, आईला सांगा.

"सुतारदादा दवाखान्याची पायरी का चढत नाहीत?" असं इथे सगळे मला विचारतात. धाकटीनं कळवलं, परवा रंधा अंगठ्यावरून गेला. मोतीबिंदू एवढा वाढलाय, तरी तुमचं आपलं एकच: "दिसतंय तेवढं पुरे."

इकडची बातमी अशी की नवी इमारत उभी राहिली. आता साठ खाटा झाल्या! बंद कारखान्याच्या दोन खोल्यांत डॉक्टरबाईंनी टेबल मांडलं, तेव्हा छप्पर गवंड्यांनी शाकारलं, चादरी शिंप्यांनी शिवल्या आणि बारा खाटा तुम्ही केल्यात. आज त्याच खोल्यांत महिन्याला चाळीस बाळंतपणं होतात. बाई अजून सकाळी स्वतः फरशी पुसायला लागतात, कुणी फडकं ओढून घेतलं तर म्हणतात, "मग तुम्ही ऑपरेशन करा." अशा माणसाजवळ काम करायला मिळतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

दर रविवारी घरी येते, हेच सगळं सांगते आणि बस पकडते. खरं ते तोंडावर येत नाही, म्हणून लिहिते आहे. धाकटे, पुढचं मोठ्यानं वाच. शेजारचे काका बसले असतील तर बसू देत.

बाईंनी खाटेचं चित्र काढून दिलं होतं. मी दहावीत होते. त्यावर लिहिलेली मापं वाचून मी म्हणाले, "ही उंची गादीसकट आहे. गादीचे चार इंच कमी करा." तुम्ही म्हणालात, "बाई तसं म्हणाल्या नव्हत्या गं." त्यावर मी काय म्हणाले, ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मी म्हणाले, "वाचता मला येतं की तुम्हाला?"

उद्घाटनाला बाई पहिल्या खाटेवर वाकल्या आणि हसून म्हणाल्या, "सुतारदादा, ही बालवाडीची ऑर्डर होती का?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "माझंच माप चुकलं," म्हणालात आणि एकेका पायाखाली वीट सरकवत बसलात. मी हातात कागद घेऊन बाजूलाच उभी होते. त्यानंतर तुम्ही इथे आला नाहीत. पण माझी कॉलेजची फी एकदाही चुकली नाही.

सोमवारच्या बैठकीत लाकडी खाटा मोडीत काढायचं ठरत होतं. मी उठून हे सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांना हसले मी. माफी मलाच मागायला हवी." थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "लोखंडी कुठंही लावा, पण त्या बारा मला म्हाताऱ्यांच्या खोलीत हव्यात, विटा काढून. बुटक्या खाटेवरून माणूस आपला आपण उतरतो. बारा वर्षांत एकीचाही सांधा हललेला नाही."

गुरुवारच्या ऑपरेशनच्या यादीत तुमचं नाव मी लिहिलं आहे. न्यायला बाई स्वतः येणार आहेत. आणि खिडकीजवळच्या सात नंबरच्या खाटेखालच्या चारही विटा मी काल माझ्या हातांनी काढल्या.

माप चुकवलेली,
तुमची थोरली