टाकीला लाइन क्लिअर

सेक्टर १०, भिलाई
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

मारोतराव,

शेजारच्या स्टेशनाचा तुम्हाला मनापासून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? सकाळचं फिरणं चालू आहे ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, नूतनचा रक्तदाब आणि माझं डोकं सोडून (दुसरं निदान तिचं). ममतावहिनी गेल्या आणि तुम्ही तुमसरकडे गावी निघून गेलात, त्याला चौदा महिने झाले. फोन लावला की नुसता वाजत राहतो. मी रागावलेलो नाही. फोन उचलायचा तर बोलायला मनात काही असावं लागतं, आणि ते कधीकधी नसतं. म्हणून हे पत्र. पत्राला लगेच हं म्हणावं लागत नाही.

तर मी एक डबी बनवली आहे. आत तंबाखूच्या डबीएवढी पाटी, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. सांगितलं तेवढंच ती करते (आपल्या पॉइंट्समन गुलाबसारखी, फक्त मधेच चहाला जात नाही). तिला मोबाइलचं मॉड्यूल जोडायचं, त्यात सिम घालायचं, की ती कुठूनही इंटरनेटवर बोलू लागते. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, ते मला खाली खाटेवर पडून मोबाइलवर दिसावं, एवढंच माझं स्वप्न. नूतन म्हणाली, "टाकी डोक्शावर हाय. पायऱ्या चढा, झाकन उघडा अन् पाहा. काखेत कळसा अन् गावाले वळसा कावून?" आमची सून उत्कर्षा पॉलिटेक्निकात शिकवते, ती म्हणाली, घरच्या वाय-फायला जोडा, सिम कशाला? दोघींचंही बरोबर होतं. पण मला लांबून बोलणारी डबी हवी होती (का, ते पुढे).

सिम घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी? मी खरं ते सांगितलं, टाकीसाठी. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग फोटो काढायला बसवलं. हल्ली त्यात डोळे मिटून उघडावे लागतात म्हणे. मी मिटले, आणि तुम्हाला माझी सवय माहीत आहे, मिटलेच राहिले. मनात डबी पहिला निरोप पाठवत होती, तो शिवनाथ ओलांडून, राजनांदगाव, डोंगरगड मागे टाकत चालला होता. "अंकल, अब खोलिए," तिसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा मी गोंदियाला पोचलो होतो.

मॉड्यूलवर एक बारीक दिवा असतो. टॉवर शोधताना तो भरभर लुकलुकतो, सापडला की सावकाश. मी गच्चीवर स्टूल टाकून तो पाहत बसे. प्लांटकडचं आभाळ तांबूस होई, खाली कुणी फोडणी घाली, आणि दिवा भरभर, भरभर, मग एकदम बंद. टॉवरला हाक मारायला मॉड्यूलला एकाएकी जोराची वीज लागते, आणि मी त्याला जुना चार्जर लावलेला. तोंड उघडलं की बिचारं चक्कर येऊन पडे. उत्कर्षानं चांगली बॅटरी दिली आणि दिवा सावकाश झाला. टाकी इंटरनेटवर पोचली! पहिला निरोप टाकीलाच आला: आपली आवडती कॉलर ट्यून निवडा.

पण टाकीचा निरोप काही येईना. अकरा दिवस. तार तपासली, सिम पुसलं, मारुतीला नारळ फोडला. शेवटी उत्कर्षानं माझा प्रोग्रॅम वाचला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, सर्वर कब से रस्ता देखून राहिला, अन् तुमी त्याले नंबर मागून राहिले! त्याले काय मालूम प्रायव्हेट नंबर?"

चूक कळली का? मी त्यात आपला नियम घातला होता. पुढच्या स्टेशनानं रूळ मोकळा आहे असं सांगून लाइन क्लिअर द्यावी, पुरावा म्हणून आपल्या तक्त्यातला दोन आकडी प्रायव्हेट नंबर सांगावा, तो रजिस्टरात चढवावा, मगच गाडी सोडावी. छत्तीस वर्षं स्टेशनमास्तर म्हणून केलेलं हातातून थोडंच जातं? टाकीचा निरोप अकरा दिवस सिग्नलला उभा होता आणि पलीकडे नंबर द्यायला माणूसच नव्हता. सून हसली, मीही हसलो. मग गच्चीवर जाऊन बसलो आणि मला तुमचा आवाज आठवला. बावीस वर्षं तुम्ही पुढच्या स्टेशनावर, मी मागच्या. भेटी सणासुदीला, पण दर गाडीला तुमचं ते "हं, बोला", आणि मग नंबर. त्या दोन आकड्यांवरून मला कळायचं की तुम्ही जेवलात की नाही, वहिनींशी भांडलात की नाही. त्या आवाजावाचून मला करमत नाही, मारोतराव. झालं, लिहून टाकलं.

जड मनानं टाकीचा नियम काढला. लगेच निरोप आला: बहात्तर टक्के. मी ओरडलो. नूतन वर गेली, टाकी कोरडी. पाणी मोजणारा सेन्सर मी आत बसवलाच नव्हता. तो गच्चीवर पडून शेजारच्या पिंपाचं अंतर मोजत होता.

असो. तब्येतीला जपा. बाकी क्षेम.

तुमचा,
कृष्णराव

ताजा कलम : उत्कर्षाचा भाऊ प्रफुल एका लग्नाला तुमसरला येतो आहे. हे पत्र आणि तशीच दुसरी डबी त्याच्याबरोबर देतो. टॉवर येईल अशा खिडकीत ठेवा. सकाळी चहा झाला की हिरवं बटण दाबा. इथे माझ्या उशाशी दिवा लागेल. बोलायचं काही नाही.

आणखी एक : नूतन मागून वाचते आहे. म्हणते, खरं लिहा. टाकीचं सगळं निमित्त होतं. डबी आधी तुमच्यासाठी ठरली, टाकी नंतर सुचली.

शेवटचं : टाकीतला नियम काढला, तुमच्या डबीतला मुद्दाम ठेवला आहे. तुमच्याकडून प्रायव्हेट नंबर मिळून तो मी इथे भरेपर्यंत ती चालू होणार नाही, कितीही बटण दाबा. नंबर लिहून पाठवलेला चालत नाही, तोंडीच लागतो. नियम तुम्हाला माहीत आहे. तेव्हा एकदा फोन करावा लागेल. दोन आकडे सांगा आणि ठेवून द्या. मी रजिस्टर उघडून बसलो आहे.