पिवळ्या धाग्याचं जॅकेट

४ एप्रिल
परत भोक. बिजौलीच्या कारखान्यात मी विणून घेतलेला नमुना चाचणीहून आला, गोळी आरपार. गोळी अडवणारं जॅकेट हलकं, मऊ व्हावं म्हणून वीण सैल ठेवली, तर हे पिवळे धागे सरकून गोळीला वाट देऊन मोकळे. मालक गुप्ताजी म्हणाले, "मैडम, शॉल नहीं बनानी है." राग आला. पण खरं होतं.

अनिल रात्रीच्या रेल्वेगाडीवर पहाऱ्याला गेला. बंदूक खांद्यावर, सरकारी जॅकेट हातात. अंगात घालणार नाही, माहीत आहे. सकाळी वर्दीच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसते. विचारलं की, "अगं, छातीवर पाटा बांधून रात्रभर कोण उभं राहील?" गेल्या महिन्यात ह्याच गाडीत त्याच्या जोडीदाराला छर्रे लागले. वाचला बिचारा. जॅकेट बाकाखाली होतं.

९ एप्रिल
वीण बदलली. साधीच, एक धागा वर एक खाली, पण घट्ट. फार घट्ट केली तर मागावर धागाच खरवडतो. म्हणून हरीराम भैयांना म्हटलं, माग हळू चालवा. "भाभीजी, इत्तो हौले तो बैलगाड़ी चलत." म्हटलं, चालू दे बैलगाडी.

१५ एप्रिल
कर्म माझं. नवा नमुना कडा शिवायला घरी आणला होता. दुपारी बघते तर दोरीवर वाळत. सासूबाईंनी धुतला. "कोरं कापड तसंच घालणार होय पोराच्या अंगात? चावेल की." ओलं झालं की हे धागे निसरडे होतात, गोळी सरळ आत. ऊनही सोसत नाही. सांगितलं, तर "मग वाळू दे की सावलीत."
मी जरा जास्तच बोलले. नमुना पंख्याखाली.

१६ एप्रिल
नमुना धुतला गेला, हे गुप्ताजींना सांगून टाकलं. दुसरा तुकडा विणायला धागा शिल्लक नाही. "अब जो है, यही भेजो. राम भरोसे."

२२ एप्रिल
थांबली. गोळी आतल्या थरात अडकली, चेपून बटणासारखी. मागे नुसता फुगवटा. हुश्श. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.
सासूबाईंच्या पाया पडले. "बघ, धुतल्यानं काही बिघडलं?"
म्हटलं, नीट वाळलं होतं म्हणून.
"तुझं आपलं काहीतरीच."

६ मे
जॅकेट शिवून आलं. एकच, वापरून बघायला. अनिलच्या साहेबांनी ते त्यालाच दिलं. हातात तोलून म्हणाला, "एवढंच?" आरशासमोर उभा राहिला. घालशील ना, विचारलं. "बघतो." हा 'बघतो' मी चांगला ओळखते.
सासूबाईंनी कोपऱ्याला कुंकू लावलं. कोरडं. माझ्याकडे बघत.

७ मे
सकाळी आला. जॅकेट हातात. थेट आंघोळीला गेला. माझं तोंड उतरलं.
शर्ट धुवायला उचलला. छाती-पाठ चिंब, बाह्या कोरड्या. घामाचा डाग बरोब्बर जॅकेटच्या मापाचा. रात्रभर घातलं होतं. शर्ट धरून मोरीतच बसले. रडू आलं, मग हसू. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, बरं नाही का?" म्हटलं, खूप बरं आहे.
मग जॅकेट उचललं. आतून तेही दमट.
हे कसं सुचलं नाही मला. घाम आत जाणार नाही असं अस्तर हवं, आजच गुप्ताजींशी बोलते. आणि मे तर आत्ता कुठे लागलाय.
जॅकेट सावलीत टाकलंय, पंखा पाचवर. रात्री त्याची परत ड्युटी आहे.