गेम संपवला, म्हणून लिहिते

शहापूर,
९ डिसेंबर २००४

प्रिय संजीवनी,

तुझं पत्र मिळालं. मावशींना नमस्कार सांग. म्हशाची जत्रा पुढच्या महिन्यात, गावात आत्तापासून गडबड असेल. इकडं सगळे बरे आहेत. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

तू विचारलंस, आपला गेम अखेर कसा निघाला. गेल्या शनिवारी क्लासच्या कॉम्प्युटरवर संपवला. चांगलं आधी सांगते. लढाईत आपली पाळी आली की हवा तेवढा विचार करता येतो, समोरचा राक्षस थांबून राहतो. तुला हेच आवडायचं. गावं, माणसं, चित्रं शेवटपर्यंत सुंदर. पण चार पावलं चाललं की पुन्हा तशीच लढाई, त्याचा वीट येतो. आणि एक गोष्ट फार खटकली. सोबत्यांपैकी ज्याला गावात ठेवून पुढं जातो, तो काहीच शिकत नाही. नंतर परत घेतला तर पहिल्याच फटक्याला पडतो. यात त्याची काय चूक?

मधे उठून पाणी पिऊन आले. आता लिहितेच.

तुझ्या सुनिलदादाकडं चहाडी मी केली. जुलैत तो क्लासवर तुझी चौकशी करायला आला होता. सरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, शिकवायला आपल्या दोघींपैकी एकीलाच ठेवणार. तू माझ्याहून हुशार, हे मला ठाऊक होतं. मी दादाला म्हटलं, ती दुपारी एका मुलाबरोबर गेम खेळत बसते.

मुलगा कोणी नव्हताच. शेजारी मीच असायचे.

दुसऱ्या दिवसापासून तुझा क्लास बंद झाला, मग तुला म्हशाला मावशीकडं धाडलं, आणि नोकरी मला मिळाली.

परवा शेणव्याला तुमच्या घरी जाऊन दादाला खरं सांगितलं. तो खळ्यात भात झोडत होता. हातातला भारा खाली ठेवला. मग म्हणाला, "पाच महिने तिच्याशी धड बोललो नाय मी. आन तू आता सांगतेस?" मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाला, की रविवारी म्हशाला जाऊन तुझी माफी मागणार.

सर जानेवारीत मुरबाडला क्लास काढतायत. तिथं शिकवायला तुझं नाव सुचवलं, आणि का सुचवलं तेही सांगितलं. तुझ्यासाठी ते हो म्हणाले. माझं काय करायचं, ते अजून बोलले नाहीत. रोज वाट बघते, पोरींना शिकवताना चुकते.

सरांना फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

इतकी वर्षं पत्राखाली 'तुझीच' लिहीत आले. आज नुसतं नाव लिहिते.

मैना