तोंडात खिळे

१२ जानेवारी

चि. घुम्यास,

ताईचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस, तरी घे. इकडे सगळं ठीक. शिवणयंत्राला नवा पट्टा घातला, गुडघ्याचं मात्र जुन्यावरच भागवतेय.

बातमी अशी, की त्या मोठ्या हॉटेलच्या सगळ्या खुर्च्या नव्यानं मढवून द्यायचं काम आपल्याला मिळालं. हो, आपल्याला! आणि तेही मी सांगितलेल्या दरात. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

करामत सगळी तुझ्या लेकीची. तिला फोन करून म्हटलं, हॉटेलची बाई फाडफाड इंग्रजी बोलते, मला एखादं वजनदार वाक्य शिकव बाई. तिनं शिकवलं, ‘द बॉल इज इन युअर कोर्ट.’ म्हणजे आमचं सांगून झालं, आता चेंडू तुमच्याकडे, तुम्ही बोला. मी कापड ताणताना, खिळे ठोकताना तेच घोकत होते.

“वाक्य सोपंय गं आत्या,” ती म्हणाली, “त्यानंतर गप्प बसणं अवघड. ठोकताना धरतेस तसे तोंडात खिळे धरलेत असं समज.”

कार्टी अगदी तुझ्यावर गेलीये!

माझी खोड तुला ठाऊकच आहे. दर सांगायचा आणि गिऱ्हाइकानं भुवई उचलायच्या आत आपणच कमी करून मोकळं व्हायचं. त्यावरूनच आपलं वाजलं आणि तू हातोडी ठेवून निघून गेलास. असो.

तर मी दर सांगितला, वाक्य टाकलं आणि ओठ मिटले. बाई खिडकीबाहेर बघतेय, पेन फिरवतेय. ‘थोडं कमी करते’ अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. शेवटी तीच म्हणाली, सोमवारपासून सुरू करा. जिन्यात येऊन मी एकटीच हसले रे. स्वतःचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

काम मोठं आहे, पण मी रडगाणं गात नाहीये. दोन कारागीर ठेवले की निभेल. तुझ्या हातोडीला मात्र मी कुणाला हात लावू दिलेला नाही. मला शेजारी तू ठोकत बसलेला हवा आहेस. परत येतोस का?

एरवी इथंच मी ‘नाही जमलं तरी चालेल हो’ असं लिहून मोकळी झाले असते. ते लिहीत नाही. चेंडू तुझ्याकडे आहे.

तोंडात खिळे धरून बसलेली,
तुझी ताई