रस्त्याकडची खोली रुबीनाच्या नावे

मी, बिस्मिल्लाबी अब्दुल रऊफ, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार वलगाव, जिल्हा अमरावती, पूर्ण होशोहवासात, कोणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, अक्कल जागेवर आहे.

१. आमच्या कायद्याने मला तिसऱ्या हिश्शापुरतीच मोकळीक आहे. म्हणून तीन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली बहिणीची मुलगी रुबीना हिला देते. बाकी घर, दागिने व शिलाई मशीन मुलगा वकार याचे.

२. कारण रुबीनाच्या परवानगीने लिहिते. तिच्यावर जबरदस्ती झाली, तेव्हा तिचे कपडे पुराव्यासाठी ठेवून घेतले. दवाखान्यातून ती चादर गुंडाळून निघाली. वकार म्हणाला, "घरात नको. लोक काय म्हणतील?" मी ही खोली उघडली. त्याने माझ्याशी बोलणे टाकले. ते अजून सलते; त्याचा हिस्सा मात्र कापलेला नाही.

३. रुबीना झोपत नसे. मदत केंद्राच्या पौर्णिमाताईंनी तिला सरळ विचारले, "मरून जावं वाटते का तुले?" रुबीना "हो" म्हणाली, आणि मग ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत बोलत राहिली. ताई तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, "एकटी सोडू नका."

मी मशीनवर बसले. मशीन चालली की तिचे डोळे मिटत, थांबली की उघडत. धागा संपला तरी मी पाय हलवत राही. निळ्या पडद्यातून उजेड पाण्यासारखा आत येई, सावरीच्या म्हाताऱ्या तरंगत येत. वाटे, आम्ही दोघी संथ कुठेतरी वाहत चाललो आहोत. एका दुपारी ती पुटपुटली, "खाला, धागा नाही ना?"

"नाही."

"तरी चालू दे."

आणि ती गाढ झोपली.

४. तेव्हापासून मी अशा बायांसाठी नवे कुडते-सलवार शिवून दवाखान्यात ठेवते. उरलेले कापड त्याचसाठी आहे. रंग उजळ असावा. खिसा हवाच.

५. रुबीना आता केंद्राच्या फोनवर असते. ती ज्या बाईला खोलीत आणील, तिला "कोण, कुठली" असे वकारने विचारू नये.

हे वाचून दाखवले, तेव्हा वकार उंबऱ्याशी उभा होता. म्हणाला, "अम्मी, पावसानं हा दरवाजा फुगला. बाहेरून ढकलनारीले जोर लागते. रंधा मारून देतो."

मी म्हटले, "आजच मार."

बिस्मिल्लाबी (सही)

आमच्यासमोर सही केली:
पौर्णिमा केशवराव ठाकरे (सही)
अब्दुल गफ्फार शेख (सही)

वलगाव, ११ सप्टेंबर २०२५