मुका पंप आणि माझं बोलकं पोट

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार (सध्या कागदावरच, पोटावर पालथं पडायची सोय राहिलेली नाही). आपली तब्येत आणि ताईचे गुडघे ठीक असतील. इकडे सगळे मजेत, मी सोडून.

पंपदुरुस्तीपासून पंपाच्या कारखान्यापर्यंत मी कानांच्या जोरावर आलो, हे आपण जाणताच. पेचकस यंत्राला टेकवून मूठ कानाला लावली, की आत कुठलं बेअरिंग रडतंय ते मला कळतं. पण या धावपळीत जेवलो ते उभ्या उभ्या, एका हातात फोन, दुसऱ्या हातात घास; चावायचं काम परस्पर पोटाकडे. पोटाने शेवटी संप पुकारला. जळजळ, ढेकर, आणि सकाळी जे व्हायला हवं ते न होणं (आपण घरचे, म्हणून लिहितो). डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फळं, भाज्या, कडधान्यं वाढवा, पण हळूहळू, आणि पाणी भरपूर प्या. मी ‘वाढवा’पर्यंत ऐकून उठलो, उरलेलं बायकोने ऐकलं. दुसऱ्याच दिवशी कच्चा कोबी, मोड आलेली कडधान्यं आणि वाडगाभर कोंडा, असा आठवड्याचा ऐवज मी एका न्याहारीत आत ढकलला. पाणी राहिलंच. “अहो, पोट आहे ते, गोदाम नाही,” ती म्हणाली. तोवर मी जिन्यात होतो.

त्याच सकाळी रुग्णालयाचे इंजिनियरसाहेब आमचा नवा मुका पंप पाहायला आले. आजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांना आवाज न करणारेच पंप हवेत. हे काम मिळालं तर आमची बंद पडलेली दुसरी पाळी सुरू होईल, घरी बसलेली माणसं परत येतील. पंप सुरू झाला. सगळ्यांनी श्वास रोखले. आणि गुर्रर्र... कुंईऽऽ!

“बेअरिंग गेलंय,” साहेब म्हणाले. फोरमनने पंप बंद केला. आवाज चालूच. “बंद पंपही वाजतो तुमचा?” फोरमन इमानी माणूस, म्हणाला, “पाइपात हवा धरलीय, साहेब.” (निदान अचूक, पाइप चुकला.) साहेबांनी पेचकस काढला, पंपाभोवती फिरत फिरत आले आणि माझ्यापाशी थांबले. काय करणार? म्हटलं, “साहेब, पंप शांत आहे, मालक बिघडलाय.”

ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, पण नियमाचे पक्के. “शुक्रवारी परत ऐकतो. पंप हाच ठेवा, मालक दुरुस्त करून आणा.”

तेव्हापासून मी बसून जेवतो. फोन बायकोच्या ताब्यात. घास इतका चावतो, की ती विचारते, “झोपलात का?” कोंडा चमचाभर, पाणी वेळच्या वेळी, रात्रीचं जेवण लवकर आणि मग फेरफटका. जळजळ उतरली, सकाळही सुधारतेय. ज्या माणसाने भंगारातले पंप बोलते केले, तो स्वतःचं एक पोट गप्प करू शकत नाही? करणारच.

ताईला नमस्कार.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. शुक्रवारी आपण कारखान्यात यावंच. आपली फार आठवण येते.

पुन्हा ता. क. आठवण येते हे खरं, पण काम वेगळं आहे. मागे आपण आमच्याकडे जेवायला थांबलात, तेव्हा आपल्या उपाशी पोटाचा आवाज ऐकून, कुणी दार वाजवलं समजून शेजारी दार उघडायला गेले होते. शुक्रवारी माझ्या अगदी शेजारी उभं राहावं. आवाज आलाच तर मी आपल्याकडे पाहीन. आपण फक्त लाजावं. न्याहारी करून येऊ नये, ही विनंती.