माझ्यासमोर जेवला

फ्रांकफुर्ट

अहो,
शोभनाचा नमस्कार. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच ठेवून दिला असता, म्हणून हे कार्ड. पुढे चित्र आहे ना, त्या शंभर वर्षं जुन्या स्टेकहाउसात काल आम्ही जेवलो.

राजसचा वाढदिवस होता. माझ्यासाठी त्याने बटाटे मागवले आणि स्वतःसाठीही बटाटेच. म्हातारा वेटर त्याला नावाने ओळखतो, तो बुचकळ्यात पडला. चाळिशीतला मुलगा आईसमोर मान खाली घालून बसलेला मला बघवेना.

"याचं नेहमीचं आणा," मी वेटरला खुणेनेच सांगितलं. स्टेक आला, गोमांसाचाच. बायकांनी घालायची नाही म्हणता ना, ती चित्राहुती मी घातली, ताटाभोवती पाणी फिरवून, बटाट्याची. मग म्हटलं, "जेव रे, गार होईल." पोटभर जेवला हो!

बीपीची गोळी घेताय ना? पोळ्यांना सरिता वेळेवर येते ना?

आल्यावर अंगावर गोमूत्र शिंपडून घेणार नाही, सांगून ठेवते. देवघरात शिरू देणार नसाल तर आत्ताच कळवा, म्हणजे परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल.

तुमचीच,
शोभना